पालकातलं लोह, सरकलेलं दशांश चिन्ह आणि आपला आळस

पालकाची ती गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. नसेल ऐकली तर थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या एका शास्त्रज्ञाने पालकातलं लोह मोजलं. आकडा लिहिताना दशांश चिन्ह एक घर सरकलं आणि लोह एकदम दहापट झालं. पुढची कित्येक वर्षं कुणी तपासलंच नाही. त्याच आकड्यामुळे पॉपायच्या हातात पालकाचा डबा आला आणि जगभरच्या आयांनी पोरांना बळंच पालक खाऊ घातला. शेवटी १९३० च्या दशकात कुणीतरी पुन्हा मोजलं आणि चूक सापडली. तात्पर्य काय, तर एक टिंब चुकलं की केवढा घोळ होतो बघा, म्हणून संशोधनात आकडे नीट तपासा.

मस्त गोष्ट आहे की नाही? मी आहारशास्त्रात पीएचडी करतेय, त्यामुळे मला तर ती फारच आवडायची. गेल्या वर्षी एका महाविद्यालयात पेटची तयारी करणाऱ्या मुलांसमोर बोलायला बोलावलं होतं, तेव्हा पहिल्याच स्लाइडवर पॉपाय होता. मुलं हसली, मीही खूश. शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, ही दशांश चिन्हाची चूक कुठे छापलीय? म्हणजे कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर?"

मी म्हटलं, "अगं, खूप ठिकाणी आहे. शोधलंस की मिळेल."

ती बरं म्हणून खाली बसली. दुसरी एक मुलगी उठली, "मॅडम, माझ्या आईचं हिमोग्लोबिन कमी आहे. मग तिला पालक द्यायचाच नाही का?" त्यालाही मी काहीतरी गोलगोल उत्तर दिलं. परतीच्या एसटीत मात्र पहिला प्रश्न डोक्यातून जाईना. आकडे तपासा असं तासभर सांगून आले होते, आणि ज्या गोष्टीच्या जोरावर सांगितलं ती गोष्टच मी तपासलेली नव्हती.

आजचा लेख त्या तपासणीबद्दल आहे. तुम्ही उद्या सिनॉप्सिस लिहायला बसाल, लिटरेचर रिव्ह्यू कराल, तेव्हा हाच खड्डा तुमच्याही वाटेत असणार आहे.

धागा उसवत गेल्यावर

मी सुरुवात केली ती नॉर्वेचे समाजमानवशास्त्रज्ञ ओले ब्यर्न रेकडाल यांच्या लेखापासून. 'सोशल स्टडीज ऑफ सायन्स' या नियतकालिकात तो २०१४ मध्ये आला. विषय आहे विद्यापीठीय जगातल्या दंतकथा, आणि मुख्य उदाहरण नेमकं हेच, पालकाचं. संशोधनाला नव्याने लागलेल्या कुणालाही मी हा लेख आधी वाचायला सांगेन. रेकडाल एखाद्या गुप्तहेरासारखे एकेका संदर्भामागे जातात आणि प्रत्येक पायरीवर आपल्याला थोडी लाज वाटायला लावतात.

पहिली पायरी. १९९५ मध्ये 'जर्नल ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये लार्सन यांचा एक लेख आला. त्याचा विषय, अपुऱ्या संदर्भांमुळे चुकीची माहिती कशी पसरते. त्यात उदाहरण कुठलं? पालक आणि दशांश चिन्ह. संदर्भ म्हणून त्यांनी १९८१ चा एक लेख दिला आहे. इथवर सगळं रीतसर.

दुसरी पायरी म्हणजे तो १९८१ चा लेख. लेखक टेरेन्स हॅम्बलिन, इंग्लंडमधले रक्तविकारतज्ज्ञ. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या डिसेंबर १९८१ च्या, नाताळच्या सुमारास निघालेल्या अंकात तो आहे. नाव 'फेक!' आणि विषय विज्ञानातल्या लबाड्या आणि घोटाळे. हॅम्बलिन लिहितात छान, खुमासदार. पालकाबद्दल ते सांगतात की जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात फेरतपासणी केली आणि आधीच्या लोकांनी दशांश चिन्ह चुकीच्या जागी दिल्याचं दाखवून दिलं. कुठले रसायनशास्त्रज्ञ? त्यांनी कुठे छापलं? कुठल्या वर्षी? काहीच नाही. त्या वाक्याला संदर्भच नाही.

म्हणजे बघा, 'अपुरे संदर्भ देऊ नका' असं सांगणारा लेख संदर्भ नसलेल्या वाक्यावर उभा आहे. आणि घोटाळ्यांवरच्या लेखातलं ते वाक्य कुणी तपासलं नाही, कारण तो घोटाळ्यांवरचा लेख होता. दुसऱ्यांच्या चुका दाखवणारा माणूस स्वतः चुकत नसेल, असं आपण गृहीत धरतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी गफलत हीच आहे.

तिसरी पायरी. नॉटिंगहॅममधले गुन्हेशास्त्रज्ञ माइक सटन यांनी २०१० मध्ये सरळ हॅम्बलिन यांनाच विचारलं की ही माहिती तुम्हाला कुठे मिळाली. हॅम्बलिन यांना आठवत नव्हतं. तीस वर्षांपूर्वीच्या हलक्याफुलक्या लेखातलं एक वाक्य, त्याचा उगम कुणाला आठवेल? मला त्यांचा राग येत नाही. मी एका वर्षापूर्वी केलेली स्लाइड कुठून घेतली हे मलाही आठवत नव्हतं.

चौथी पायरी. गोष्ट हॅम्बलिन यांच्याही आधीची निघाली. आर्नल्ड बेंडर हे ब्रिटनमधले नावाजलेले पोषणशास्त्रज्ञ. १९७७ मध्ये 'स्पेक्टेटर' साप्ताहिकात त्यांचं एक पत्र छापून आलं. त्यात दोन नावं आहेत, १८७० मध्ये पालकाचं विश्लेषण छापणारे फॉन वोल्फ आणि १९३७ मध्ये ते पुन्हा करणारे प्राध्यापक शुपान. बेंडर म्हणतात की शुपान यांना आधीच्या एक दशांश इतकंच लोह सापडलं. आणि मग ते पुढे म्हणतात की पालकाची कीर्ती चुकलेल्या दशांश चिन्हावर उभी असावी असं दिसतं.

'असावी असं दिसतं.' हे शब्द पुन्हा एकदा वाचा. बेंडर यांनी अंदाज केला होता. आकडा बरोबर दहापट आहे, म्हणजे टिंबच सरकलं असणार, असा साधा तर्क. चार वर्षांनी हॅम्बलिन यांच्या लेखात त्याच गोष्टीचं 'दाखवून दिलं' झालेलं आहे. 'असावी' गळून पडलं. पुढच्या प्रत्येकाने 'दाखवून दिलं' तेवढंच उचललं.

राहता राहिला पॉपाय. ई. सी. सेगर यांच्या चित्रमालिकेत तो १९२९ मध्ये पहिल्यांदा आला. तो पालक का खातो, याचं कारण १९३२ च्या एका पट्टीत तो स्वतःच सांगतो, आणि ते कारण आहे अ जीवनसत्त्व. लोहाचं नाव नाही. म्हणजे माझ्या पहिल्या स्लाइडवरचा पॉपायही गेला.

मग नेमकं खोटं काय?

इथे एक घाई टाळायला हवी. हे सगळं वाचल्यावर 'म्हणजे पालकात भरपूर लोह असतं, तेच खरं!' असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं नाही. या गोष्टीत निदान तीन वेगवेगळे दावे एकात एक गुंफलेले आहेत आणि ते सुटे केल्याशिवाय काहीच कळत नाही.

पहिला दावा : पालकात लोहाचा खजिना असतो. आजच्या मोजणीनुसार कच्च्या पालकात १०० ग्रॅममागे साधारण २ ते ३ मिलिग्रॅम लोह असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या तक्त्यातला आकडाही याच घरातला आहे. पालेभाजी म्हणून हे वाईट नाही, पण खजिनाही नाही. शिवाय वनस्पतींमधलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. मांसामासळीतलं त्यापेक्षा बरंच चांगलं शोषलं जातं. तेव्हा पहिला दावा अतिशयोक्त आहे, हे खंडन बरोबर.

दुसरा दावा : जुने काही आकडे फार मोठे होते आणि नंतर ते खाली आले. याला आधार आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतींनी लोह मोजणं हे नाजूक काम होतं.

तिसरा दावा : आकडे मोठे होते ते दशांश चिन्ह सरकल्यामुळे. याला पुरावा नाही. सटन आणि रेकडाल दोघांनाही अशी चूक प्रत्यक्ष छापलेली कुठे सापडली नाही.

दहापट फरक पडायला टिंब सरकावंच लागतं असंही नाही. ताज्या पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. पालक वाळवला तर १०० ग्रॅम कोरडा पालक मिळवायला किलोभराहून जास्त ताजी भाजी लागते. साहजिकच, १०० ग्रॅम कोरड्या पालकातलं लोह १०० ग्रॅम ताज्या पालकाच्या दहापटीच्या आसपास भरेल. एका तक्त्यातला कोरड्याचा आकडा दुसऱ्या तक्त्यात ताज्याचा म्हणून बसला की झालं. कुणाचीही लेखणी घसरलेली नाही, फक्त स्तंभाचं शीर्षक वाचलेलं नाही.

हे स्पष्टीकरण मला पटतं. पण सावध राहा. 'पटतं' याचा अर्थ 'सिद्ध झालं' असा होत नाही. बेंडर यांनाही टिंबाचं स्पष्टीकरण असंच पटलं होतं. मी जर आज लिहिलं की 'खरं तर चूक वाळवलेल्या पालकामुळे झाली', आणि तुम्ही ते उद्या तुमच्या स्लाइडवर टाकलंत, तर पन्नास वर्षांपूर्वीचा खेळ आपण पुन्हा सुरू केला. ही एक शक्यता आहे, एवढंच लिहा.

खंडन आवडतं, कारण ते आपल्याला शहाणं ठरवतं

आता माझी मुख्य तक्रार. 'लोक अजूनही मानतात असे दहा गैरसमज' या प्रकारचं लेखन सध्या भरपूर होतं. मी ते आवडीने वाचते. पण त्याची एक ठरलेली घडण आहे आणि संशोधनाच्या दृष्टीने ती धोक्याची आहे.

या लेखनात गैरसमजाला पुरावा मागितला जातो, खंडनाला मागितला जात नाही. आजी म्हणाली 'पालकाने रक्त वाढतं', की आपण लगेच विचारतो, कशावरून? एखादा लेख म्हणाला 'आजी चुकते, कारण टिंब सरकलं होतं', की आपण विचारत नाही, कशावरून? कारण दुसरं वाक्य आपल्याला आजीपेक्षा हुशार करतं. ते दुसऱ्याला सांगण्यात गंमत आहे. मी त्या महाविद्यालयात हसू मिळवलं ते याच गमतीवर.

दुसरं असं की खंडनाला गोष्ट लागते. 'जुन्या पद्धतींनी आकडे जास्त यायचे, नमुने वेगवेगळे होते, कोरडं-ओलं मिसळलं असेल' हे कुणाच्या लक्षात राहणार? 'एक टिंब चुकलं' हे आयुष्यभर लक्षात राहतं. कारण लहान, परिणाम मोठा, वर पॉपायसारखं ओळखीचं पात्र. एखादी गोष्ट इतकी गोळीबंद असेल तर ती तशी कुणीतरी घडवली असण्याची शक्यता वाढते. खऱ्या संशोधनातल्या चुका बहुतेक वेळा कंटाळवाण्या असतात. नमुना नीट वाळवला नव्हता, भांड्याचं लोह मिसळलं, एकक बदललं. ज्याने प्रयोगशाळेत एक वर्ष काढलंय त्याला हे माहीत आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. खंडन अनेकदा गरजेपेक्षा पुढे जातं. 'पालकात खजिना नाही' याचं ऐकणाऱ्याच्या मनात 'पालक बेकार' होतं. त्या दिवशी दुसऱ्या मुलीने आईबद्दल विचारलं ते यातूनच. मी तिला हे सांगायला हवं होतं : पालक खुशाल दे. वर लिंबू पिळ, कारण क जीवनसत्त्वाने लोहाचं शोषण सुधारतं. जेवणाबरोबर चहा नको, त्याने शोषण कमी होतं. पण हिमोग्लोबिन खरंच कमी असेल तर भाजीवर विसंबू नका. डॉक्टरांना दाखवा, गोळ्या दिल्या तर त्या पूर्ण घ्या. हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते मी सांगितलं नाही, कारण माझं सगळं लक्ष टिंबाच्या गमतीवर होतं. एका घरात त्या आठवड्यात पालक आणायचा की नाही हे माझ्या स्लाइडवरून ठरलं असू शकतं, आणि स्लाइड तपासलेली नव्हती.

रेकडाल यांच्या लेखाबद्दल माझी थोडी कुरकुर आहे ती इथेच. त्यांचं उदाहरण इतकं मजेशीर आहे की वाचणारा हसून पुढे जातो. पालकच तर आहे, कुणाचं काय बिघडलं? म्हणून आपल्याकडचं एक उदाहरण देते. त्यात हसण्यासारखं फार नाही.

मेकॉले त्या दिवशी कुठे होता?

माझी होस्टेलवरची रूममेट शिक्षणशास्त्रात पीएचडी करते. पालकाचं प्रकरण मी तिला उत्साहाने सांगत होते, तर तिने तिच्या पहिल्या प्रकरणाचा कच्चा मसुदा उघडला आणि म्हणाली, "मग हे जरा बघ."

तिच्या प्रस्तावनेच्या दुसऱ्याच पानावर मेकॉलेचं ते प्रसिद्ध अवतरण होतं. तुम्हीही ते पाहिलं असेल, व्हॉट्सअॅपवर, महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर, भाषणांत. मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती आणि संस्कृती बदलावी लागेल, अशा आशयाचं. खाली लिहिलेलं असतं : ब्रिटिश संसदेतलं भाषण, २ फेब्रुवारी १८३५.

आम्ही दोघींनी एकच प्रश्न विचारला. २ फेब्रुवारी १८३५ ला मेकॉले कुठे होता?

तो भारतात होता. १८३४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सदस्य म्हणून तो इथे आला आणि १८३८ मध्ये परत गेला. त्या तारखेला लंडनच्या संसदेत उभं राहून भाषण करणं त्याला शक्यच नव्हतं. मग ही तारीख आली कुठून? तर २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख खरी आहे, ती मेकॉलेच्या शिक्षणविषयक टिपणाची. कलकत्त्यात लिहिलेलं हे टिपण आजही उपलब्ध आहे, अख्खं वाचायला तासभरही लागत नाही. ते अवतरण त्यात कुठेही नाही.

टिपणात काय आहे? सरकारी पैसा संस्कृत आणि अरबी शिक्षणावर न घालवता इंग्रजी शिक्षणावर खर्च करावा, असा युक्तिवाद आहे. भारतीय आणि अरबी साहित्याबद्दल अत्यंत तुच्छतेची विधानं आहेत. राज्यकर्ते आणि जनता यांच्यामधला, रक्ताने भारतीय पण आवडीनिवडींनी इंग्रज असा एक दुभाषी वर्ग तयार करायची कल्पना आहे. म्हणजे वसाहतवादी शिक्षणावर टीका करायची तर खऱ्या टिपणात भरपूर सामग्री आहे, आणि ती पानासकट दाखवता येते. बनावट अवतरण वापरून आपण काय करतो? आपला मुद्दा बरोबर असूनही तो ढासळेल अशा जागी उभा करतो. व्हायव्हाला बसलेल्या एखाद्या परीक्षकाने 'मेकॉले त्या दिवशी कुठे होता?' एवढं विचारलं की संपलं. त्यानंतरच्या तुमच्या दोनशे पानांकडे तो त्याच नजरेने बघणार.

गंमत म्हणजे बनावट अवतरणातला मेकॉले भारताचं कौतुक करतो. खऱ्या टिपणातला मेकॉले तर इथलं काहीच नीट वाचायला तयार नाही. दोघांची भूमिका इतकी उलट आहे की ज्याने मूळ टिपण एकदा वाचलं तो अवतरणावर विश्वास ठेवूच शकणार नाही. याचा सरळ अर्थ असा की ते वापरणाऱ्या अनेकांनी मूळ वाचलेलं नाही.

रूममेटने ते अवतरण तिथल्या तिथे काढलं. तिने ते एका छापील पुस्तकातून घेतलं होतं आणि त्या पुस्तकाचा संदर्भ बरोबर दिला होता. प्लेजरिझम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला यात काहीही चूक दिसली नसती.

मग तुम्ही काय करायचं?

तुम्ही म्हणाल, ताई, सिनॉप्सिसला दीडशे संदर्भ लागतात, गाइड रोज विचारतात किती झालं, आरआरसीची तारीख डोक्यावर आहे. प्रत्येक संदर्भाच्या मुळाशी जायचं तर म्हातारपण येईल. खरंय. प्रत्येकाच्या मुळाशी जाऊ नका. पण काही जागा अशा आहेत जिथे गेलंच पाहिजे.

पहिली जागा म्हणजे तुमच्या प्रस्तावनेचं पहिलं पान. तिथे आपण 'सर्वांना माहीतच आहे' अशी वाक्यं टाकतो, आणि सगळ्यांना माहीत असलेलं वाक्य सहसा कुणीच तपासलेलं नसतं. दुसरी जागा, ज्यावर तुमचा युक्तिवाद टांगलेला आहे असे दोन-तीन आकडे किंवा विधानं. ते निघालं तर प्रबंध कोसळेल का, असं स्वतःला विचारा. उत्तर हो असेल तर मूळ शोधा. तिसरी जागा, जी गोष्ट वाचून तुम्ही लगेच शेजारच्याला सांगितलीत ती. जितकी चटकदार, तितकी आधी तपासा.

शोधायचं कसं? काही जादू नाही. जो लेख हातात आहे त्यात त्या वाक्याला कुठला संदर्भ दिलाय ते बघा. तो लेख काढा. त्यात ते वाक्य खरंच आहे का, आणि त्याच शब्दांत आहे का, ते बघा. 'असावं', 'शक्य आहे', 'काही नमुन्यांत' असे शब्द वाटेत गळलेत का, हे खास तपासा. त्या लेखाने आणखी मागचा संदर्भ दिला असेल तर तोही काढा. जिथे प्रत्यक्ष मोजणी, प्रत्यक्ष दस्तऐवज किंवा प्रत्यक्ष मुलाखत येते तिथे थांबा. आणि जिथे संदर्भच संपतो, हॅम्बलिन यांच्यासारखा, तिथेही थांबा. फक्त ते विधान मग तुमच्या प्रबंधात ठाम स्वरात घेऊ नका.

मूळ मिळालं नाही तर? जुनं जर्मन नियतकालिक आपल्या ग्रंथालयात कुठून असणार? हरकत नाही. जे वाचलंय त्याचंच नाव द्या. 'बेंडर यांच्या पत्रानुसार शुपान यांना असं आढळलं' असं लिहा. शुपान यांचा १९३७ चा लेख थेट संदर्भयादीत टाकू नका, कारण तो तुम्ही पाहिलेला नाही. दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलून आपल्या यादीत टाकणं ही इतकी सर्रास सवय आहे की आपल्याला ती लबाडी वाटतच नाही. रेकडाल यांचा लेख वाचल्यावर मला ती वाटायला लागली.

शोधगंगेवरचे जुने प्रबंध वाचताना एक प्रयोग करून बघा. तुमच्या विषयातलं एक घिसंपिटं वाक्य घ्या आणि ते पाच प्रबंधांत शोधा. पाचही जणांनी कुणाचा संदर्भ दिलाय, ते लिहून काढा. एकानेच मूळ वाचलं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून घेतलं, असं दिसलं तर त्या एकाने काय वाचलं ते शोधा. एका दुपारचं काम आहे. यातून तुम्हाला संशोधनातली फट सापडायचीही शक्यता आहे. 'रिसर्च गॅप कुठून आणू' असं विचारणाऱ्यांना मी हल्ली हेच सांगते.

आणखी एक. हे सगळं वाचून 'म्हणजे कुणावरच विश्वास ठेवायचा नाही' अशा टोकाला जाऊ नका. असं म्हणणारा माणूस शेवटी आपल्याला आवडेल त्यावरच विश्वास ठेवतो. दशांश चिन्हाची गोष्ट खोटी निघाली म्हणून पोषणशास्त्र खोटं ठरत नाही. उलट चूक सापडली ती संदर्भ देण्याच्या पद्धतीमुळेच. लार्सन यांनी हॅम्बलिन यांचं नाव दिलं होतं, म्हणून रेकडाल मागे जाऊ शकले. हॅम्बलिन यांनी दिलं नाही, म्हणून धागा तिथे तुटला. संदर्भ देतो तो आपण वाचल्याचं दाखवायला नव्हे. पुढच्याला आपली चूक पकडता यावी म्हणून देतो.

त्या महाविद्यालयातल्या सरांकडून मी त्या वर्गाचा ग्रुप मागून घेतला आणि दोन मेसेज टाकले. पहिला, 'दशांश चिन्हाबद्दल मी जे सांगितलं त्याला पुरावा नाही, विचारणाऱ्या मुलीचा प्रश्न बरोबर होता.' दुसरा पालक, लिंबू, चहा आणि डॉक्टर यांबद्दल. दहा-बारा अंगठे आले. एकाने विचारलं, 'मॅडम, मग हे तरी कशावरून?' त्याला रेकडाल यांच्या लेखाची पीडीएफ आणि पोषण संस्थेच्या तक्त्याचं पान पाठवलं.

आता तुमची पाळी. आज रात्री स्वतःच्या सिनॉप्सिसचं पहिलं पान उघडा, सगळ्यात आवडतं वाक्य निवडा आणि ते कुठे छापलंय ते शोधा. पानाच्या क्रमांकासकट.